वाचकांचे प्रश्न : ओट्यावरची इलेक्ट्रिक केटल

घरातील लहान विद्युत उपकरणांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पुष्कळ पत्रे इलेक्ट्रिक केटलविषयी असल्याने हे सदर या वेळी पूर्णपणे तिलाच दिले आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली. केटल कोणत्या कंपनीची, किती लिटरची आणि किती रुपयांची, हे बहुतेकांनी तपशिलाने लिहिले आहे. ती भिंतीवरच्या कोणत्या पॉइंटला लावली जाते, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले आहे. विद्युत अभियंता म्हणून मी जी जळालेली आणि वितळलेली केटल-प्रकरणे पाहिली, त्यांतील बरीचशी केटलच्या आत नव्हे, तर तिच्यामागच्या प्लगमध्ये, बोर्डात किंवा वायरीत सुरू झालेली होती. म्हणून उत्तरांची सुरुवातही तिथूनच करतो.

प्रश्न (नाशिक) : आमची केटल दीड लिटरची, १५०० वॉटची आहे. तिचा प्लग मोठा असल्यामुळे ओट्याजवळच्या लहान पॉइंटला कन्व्हर्टर लावून आम्ही ती वापरतो. हल्ली पाणी उकळल्यावर प्लग काढताना तो चांगलाच गरम लागतो आणि कन्व्हर्टरचा एक कोपरा पिवळट पडला आहे. एमसीबी मात्र एकदाही पडलेली नाही. असेच वापरत राहिले तर चालेल का?

उत्तर : नाही. तो कन्व्हर्टर आजच काढून टाका. आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा धरला जातो. १५०० वॉटला २३० ने भागले, तर केटल सुमारे साडेसहा ॲम्पियर प्रवाह घेते, असे उत्तर येते. लहान पॉइंटची क्षमता ६ ॲम्पियर असते. म्हणजे आपली केटल त्या पॉइंटकडून त्याच्या मर्यादेपेक्षा थोडे जास्तच काम करून घेत आहे, आणि तेही पाणी उकळेपर्यंत सलग काही मिनिटे, दिवसातून कित्येक वेळा. कंपनीने मोठा, म्हणजे १६ ॲम्पियरचा प्लग दिला आहे तो याच कारणासाठी. कन्व्हर्टर लावल्याने प्लगचा आकार जुळतो. पॉइंटची आणि त्यामागच्या वायरीची ताकद तेवढीच राहते.

आता पिवळ्या कोपऱ्याविषयी. सॉकेटमधील पितळी पाती प्लगची पिन घट्ट धरून ठेवतात. रोजच्या काढण्या-घालण्याने, उष्णतेने आणि काळाने त्या पात्यांचा ताण जातो, पिन सैल बसते आणि जिथे धातूला धातू नीट टेकत नाही तिथे प्रवाहाला अडथळा निर्माण होतो. हा अडथळा केवळ अर्ध्या ओहमचा असला, तरी साडेसहा ॲम्पियरला तेथे वीस वॉटहून अधिक उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगची लहान इस्त्री पंचवीस वॉटची असते. साधारण तेवढीच उष्णता आपल्या प्लगच्या पोटात, प्लास्टिकला चिकटून, रोज तयार होत आहे. प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग तपकिरी होते, त्याला जळका वास येतो आणि शेवटी ते वितळते.

एमसीबी पडली नाही याचा अर्थ सारे ठीक आहे, असा घेऊ नये. एमसीबी प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडते. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, फक्त एका जागी उष्णता साठत जाते, आणि ती उष्णता एमसीबीला कळण्याचा मार्गच नसतो. अर्थिंगमध्ये गळती झाली की तुटणाऱ्या आरसीसीबीलाही ती कळत नाही. ही खूण ओळखणारे उपकरण घरात एकच आहे, ते म्हणजे आपला हात. प्लग काढल्यावर त्याच्या पिना किंचित कोमट लागल्या तर हरकत नाही. बोट ठेवता येणार नाही इतक्या तापत असतील, तर तो पॉइंट वापरणे थांबवायला हवे.

उपाय एवढाच की, ओट्याजवळ १६ ॲम्पियरचा पॉइंट बसवून घ्यावा आणि त्याची वायर मुख्य बोर्डापासून स्वतंत्र आणावी. वायरमनला 'अडीचची वायर टाका' असे स्पष्ट सांगावे, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर. जुन्याच बोर्डावर नुसते मोठे सॉकेट बसवून मागे लाइटची बारीक वायर तशीच ठेवण्याची पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि ती कन्व्हर्टरपेक्षाही घातक आहे, कारण आता तापणारी वायर भिंतीच्या आत असते आणि कोणाला दिसत नाही. एक्स्टेन्शन बोर्डाबाबतही हेच. त्यावर सहा सॉकेट असले, तरी त्या सर्वांचा मिळून भार एकाच बारीक वायरीवर येतो. केटल, मिक्सर आणि टोस्टर यांच्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

प्रश्न (चिपळूण) : स्टीलची केटल आहे. पावसाळ्यात तिच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात असे होत नाही. सासूबाई म्हणतात, पायात चप्पल घालून वापर, म्हणजे झाले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : सासूबाईंची काळजी योग्य आहे, पण चप्पल हा त्यावरचा इलाज नव्हे. या झिणझिण्या दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी दाखवत आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला दोष केटलमधला. तिच्या तळाशी पाणी तापवणारी जी कॉइल असते, तिची तार एका धातूच्या नळीत बसवलेली असते आणि तार नळीला टेकू नये म्हणून मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता सहज जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणूनच ती निवडली जाते. मात्र ती हवेतील ओलावा शोषून घेते. नळीच्या टोकाचे सील जुने झाले किंवा तडकले की कोकणातील आषाढ-श्रावणातली दमट हवा आत शिरते, भुकटी ओलसर होते आणि थोडी वीज धातूच्या अंगावर उतरू लागते. उन्हाळ्यात भुकटी कोरडी राहते, म्हणून तेव्हा आपल्याला काही जाणवत नाही.

दुसरा दोष आपल्या घरातला आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. अर्थिंग शाबूत असते, तर अंगावर उतरलेली ही वीज प्लगच्या सर्वांत जाड आणि लांब पिनेतून थेट जमिनीत गेली असती आणि आपल्याला काहीच जाणवले नसते. ती पिन लांब ठेवलेली असते ती मुद्दामच, प्लग घालताना फेज जोडण्याआधी अर्थ जोडला जावा म्हणून. ज्याअर्थी झिणझिण्या येतात, त्याअर्थी ती वाट कोठेतरी तुटलेली आहे. कदाचित पॉइंटला अर्थची वायरच जोडलेली नसेल, कदाचित इमारतीखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यातील जोड गंजला असेल. याच पॉइंटला उद्या फ्रिज किंवा वॉशिंग मशीन लावले, तर तेही असेच असुरक्षित राहील.

केटल वापरणे तत्काळ थांबवा आणि तिची दुरुस्ती करत बसू नका. अशी कॉइल बदलण्यापेक्षा नवी केटल घेणे शहाणपणाचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परवानाधारक वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या. तो जर म्हणाला की, 'अर्थ मिळत नाही, न्यूट्रललाच जोडून देतो', तर त्याला ठाम नकार द्या. अशा जोडणीत न्यूट्रलची वायर बाहेर कोठे तुटली, तर घरातील प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. अर्थिंग नीट झाल्यावर मुख्य बोर्डात ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी बसवून घ्यावी. गळती त्या पातळीला पोहोचली की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते; महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे आणि आरसीसीबी पडली तरच ती काम करते आहे असे समजावे.

प्रश्न (नागपूर) : पाणी खळखळून उकळले तरी केटल कधी कधी बंदच होत नाही, आणि कधी याच्या उलट, बंद झाल्यावर पुन्हा बटण दाबले तर ते टिकतच नाही. केटल बिघडली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. केटल पाण्याचे तापमान मोजते असा अनेकांचा समज असतो, पण आपोआप बंद होण्याचे काम वाफेवर चालते. झाकण उघडून मुठीच्या बाजूला आत पाहिले, तर वरच्या कडेला एक लहान फट किंवा छिद्रे दिसतील. पाणी उकळले की वाफ त्या फटीतून शिरून मुठीतल्या वाटेने बटणाजवळच्या एका चकतीपर्यंत जाते. रुपयाच्या नाण्याहून थोडी लहान असलेली ही चकती दोन वेगवेगळ्या धातूंचे पातळ पत्रे एकमेकांना जोडून केलेली असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे ठरावीक तापमानाला चकतीचा फुगवटा झटक्याने उलट्या बाजूला पलटतो आणि बटण 'टक' आवाज करून वर येते. चहाच्या शौकीन ब्रिटनमध्ये ही युक्ती विसाव्या शतकाच्या मध्यात घरोघरी पोहोचली, आणि आजही जगातील असंख्य केटलमध्ये आयल ऑफ मॅन या चिमुकल्या बेटावरील स्ट्रिक्स कंपनीच्या धर्तीची नियंत्रणे बसवलेली असतात.

हे समजले की आपल्या दोन्ही तक्रारींचे उत्तर मिळते. झाकण नीट बसले नसेल, किंवा वाफेची फट क्षाराने बुजली असेल, तर वाफ चकतीपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी उकळतच राहते. चहाची पत्ती पटकन टाकता यावी म्हणून झाकण उघडे ठेवून पाणी उकळणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. दुसऱ्या बाजूने, बंद झालेली केटल लगेच चालू होत नाही, कारण चकती गार होऊन मूळ आकारात यायला थोडा वेळ लागतो. अशा वेळी बटण बोटाने दाबून धरू नये किंवा त्यात काडी अडकवू नये; एक-दोन मिनिटे थांबावे.

केटलच्या तळाखाली अशीच आणखी एक रक्षक चकती असते. पाणी नसताना केटल चालू राहिली आणि तळाचा पत्रा जास्त तापला, तर ती पुरवठा तोडते. असे झाल्यास तापलेल्या केटलमध्ये लगेच गार पाणी ओतू नये. प्लग काढून केटल पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावी, मगच पाणी भरावे. ही चकती अपघातासाठी आहे. रोज कोरडी केटल बंद करण्याचे काम तिच्यावर टाकले, तर ती लवकर निकामी होते. झाकण नीट लावून, फट स्वच्छ करून, किमान खुणेच्या वर पाणी भरूनही केटल बंद होत नसेल, तर मात्र ती बाद करावी.

प्रश्न (कोरपना, जि. चंद्रपूर) : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. महिन्याभरात केटलच्या तळाशी पांढरा कडक थर बसतो, त्याचे पापुद्रे चहात येतात. तारेच्या घासणीनेही तो निघत नाही. हा थर काय आहे, तो पोटात गेला तर अपाय होतो का, आणि तो काढावा कसा?

उत्तर : आपल्या भागात ज्या चुनखडकाच्या आधाराने सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तोच खडक थोडा थोडा विरघळून आपल्या बोअरच्या पाण्यात उतरलेला असतो. जमिनीतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. पाणी उकळले की बायकार्बोनेटचे विघटन होते, वायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. केटलमध्ये पाणी तळाशी सर्वांत जास्त तापते, म्हणून थरही तेथेच बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एकूण काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. पाणी एकदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलेत, तर केटलसाठीच नव्हे, पिण्यासाठीही उपयोग होईल.

हे पापुद्रे म्हणजे मूलतः खडूचेच द्रव्य आहे. ते विषारी नाही. चहाची चव आणि रंग मात्र नक्की बिघडतो. माझी काळजी वेगळी आहे. हा थर उष्णता सहज जाऊ देत नाही, त्यामुळे तळाचा पत्रा आतल्या आत जास्त तापतो, पाण्याला उकळायला वेळ लागतो आणि वर सांगितलेली तळाची रक्षक चकती अवेळी पुरवठा तोडू लागते. 'माझी केटल पाणी उकळण्याआधीच बंद होते' असे लिहिणाऱ्या वाचकांनी आधी तळाचा थर पाहावा.

तारेची घासणी आजपासून वापरू नका. तिने क्षार निघत नाहीत, स्टीलवर चरे मात्र पडतात आणि पुढचा थर त्या चऱ्यांना अधिक घट्ट धरतो. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, तेव्हा घासण्यापेक्षा भिजवणे योग्य. किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा सायट्रिक ॲसिड या नावाने मिळणारी पांढरी दाणेदार पूड घ्यावी. केटल निम्मी भरून पाणी उकळावे, प्लग काढावा, पाच मिनिटे थांबून लिटरमागे दोन चमचे या हिशेबाने पूड थोडी थोडी घालावी. थरातून वायूचे बारीक बुडबुडे निघू लागतील आणि पाणी फसफसेल. केटल निम्मीच भरायची ती याचसाठी. अर्ध्या तासाने पाणी ओतून टाकल्यावर तळ चकचकीत दिसेल. एका खेपेत थर पूर्ण गेला नाही, तर पुन्हा तसेच करावे. शेवटी साधे पाणी दोनदा उकळून फेकून द्यावे. पांढरे व्हिनेगर असल्यास ते आणि पाणी समप्रमाणात घेऊन तासभर ठेवले तरी चालते. ते उकळू नये, त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. लिंबाच्या रसानेही काम होते, पण रस पुष्कळ लागतो.

येथे एक कळकळीची सूचना. फरशी किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड केटलमध्ये कधीही घालू नका. ते स्टीलला बारीक छिद्रे पाडते, आणि ते भांडे पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरणे योग्य नाही. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरबरोबर ब्लीचिंग पावडर तर मुळीच मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू बाहेर पडतो.

आपल्याकडचे पाणी पाहता हे काम महिन्यातून एकदा करावे लागेल. मुंबई-ठाण्याकडच्या धरणांचे पाणी बरेच मृदू असते, तेथे चार-सहा महिन्यांतून एकदा पुरते. रात्री केटलमध्ये पाणी ठेवून न देता ती रिकामी करून झाकण उघडे ठेवले, तर थर बसण्याचा वेग कमी होतो.

प्रश्न (पुणे) : मी वसतिगृहात राहतो. केटलमध्ये दूध तापवणे, नूडल्स करणे, अंडी उकडणे चालते का?

उत्तर : पाण्याखेरीज दुसरे काही साध्या केटलमध्ये घालू नये. दुधातील प्रथिने तापलेल्या तळाला लागतात, करपतात आणि त्या करपलेल्या थरामुळे तळाचा पत्रा अधिकच तापतो. शिवाय दूध उतू जाण्याआधी वाफेची मोठी लोट उठत नाही, त्यामुळे केटल वेळेवर बंद होत नाही. फेस वर येऊन वाफेच्या फटीतून मुठीत आणि बटणापर्यंत जातो. तेथे सुकलेले दूध साफ करण्याचा कोणताही मार्ग वापरणाऱ्याच्या हाती नसतो, आणि त्यावर मुंग्या व झुरळे येतात ती वेगळीच. नूडल्सच्या मसाल्यातील मीठ आणि तेल यांचेही तेच. अंडे फुटले तर पांढरे बलक तळाला चिकटून बसते. या कामांसाठी रुंद तोंडाच्या, आत वेगळे भांडे असणाऱ्या आणि तापमान बदलता येणाऱ्या बहुउपयोगी केटल मिळतात; त्यांच्या माहितीपत्रकात दूध आणि नूडल्स चालतात असे स्पष्ट लिहिलेले असेल, तरच त्या तशा वापराव्यात.

वसतिगृहात केटलला बंदी असेल, तर ती लपवून वापरू नका. त्या इमारतीच्या वायरिंगचा हिशेब प्रत्येक खोलीत दिवा, पंखा आणि लॅपटॉप एवढाच धरलेला असण्याची शक्यता असते. एकाच मजल्यावर संध्याकाळी वीस केटल एकदम लागल्या, तर वायरी कोठे तापतील हे रेक्टरांनाही सांगता येणार नाही.

प्रश्न (ठाणे) : पावसाळ्यात पिण्याचे पाणी वीस मिनिटे उकळावे असे आई सांगते. केटल तर उकळी येताच बंद होते. हे पाणी लहान मुलांना द्यावे का? आणि एकदा उकळलेले पाणी पुन्हा उकळणे घातक असते का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाण्याला खळखळून उकळी आली आणि मग ते आपोआप निवू दिले, की रोगकारक जिवाणू, विषाणू आणि परजीवी निकामी होतात. त्यांतील बहुतेक तर उकळीच्या बरेच आधी, तापमान वाढत असतानाच मरतात. केटल उकळी आल्यावर बंद होते आणि पाणी पुढे कितीतरी मिनिटे नव्वद अंशांच्या आसपास राहते, तेव्हा ते पिण्यास सुरक्षित आहे. वीस मिनिटे उकळत ठेवण्यात इंधन जाते आणि पाणी आटते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते. तेवढेही पुरेसे आहे, आणि केटल वाफेवर बंद होत असल्यामुळे तेथेही ती बिनचूक चालते. गढूळ पाणी मात्र आधी निवळून, चार पदरी सुती कापडाने गाळून घ्यावे.

उकळण्याने जंतू जातात, विरघळलेली रसायने जात नाहीत, हे लक्षात ठेवावे. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असलेले पाणी कितीही उकळले तरी तसेच राहते. पाणी पुन्हा उकळण्याने ते विषारी होत नाही. रात्रभर उघड्या केटलमध्ये राहिलेले पाणी पिण्याआधी बदलावे, इतकेच. निवलेले पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यात भरावे आणि त्यात हात किंवा पेला बुडवू नये, कारण उकळलेले पाणी पुन्हा दूषित होते ते बहुतेक वेळा तेथेच.

प्रश्न (सोलापूर) : केटलमुळे विजेचे बिल फार वाढते का?

उत्तर : एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास साधारण एक दशांश युनिट वीज लागते, म्हणजे एका युनिटमध्ये सुमारे दहा लिटर पाणी उकळते. दोन कप चहासाठी दीड लिटर पाणी उकळण्याची सवय मात्र बिलात दिसते.

प्रश्न (मिरज) : मुलगा अमेरिकेहून येताना केटल आणणार आहे. पुतणी ब्रिटनमधून आणते म्हणते. दोन्ही इथे चालतील का?

उत्तर : अमेरिकेतील केटल आणू नका. तेथील पुरवठा १२० व्होल्टचा आहे. तशी १५०० वॉटची केटल आपल्या २३० व्होल्टवर लावली, तर ती साडेतीन पटींहून अधिक, म्हणजे सुमारे साडेपाच हजार वॉट ओढू पाहते आणि एमसीबी पडली नाही, तर कॉइल जळते. पिनेचा आकार बदलणारा प्रवासी ॲडाप्टर व्होल्टेज बदलत नाही. आपली केटल मुलाने तिकडे नेली, तर उलट होते: ती जेमतेम चारशे वॉटने तापते आणि लिटरभर पाण्याला पंधरा मिनिटे लागतात.

ब्रिटनचा पुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्टचा असल्याने तेथील केटल चालते, पण तिकडे ३००० वॉटच्या केटल सर्रास वापरल्या जातात आणि त्या १३ ॲम्पियर प्रवाह घेतात. प्लग बदलून १६ ॲम्पियरचा बसवावा आणि स्वतंत्र वायर असलेल्या पॉवर पॉइंटलाच लावावा. जुन्या चाळीत किंवा वाड्यात तसा पॉइंट नसेल, तर पुतणीला दुसरी भेट सुचवावी. येथेच केटल घ्यायची असल्यास तिच्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, पाहावा. तो खरा आहे की नाही, हे 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येते.

प्रश्न (मडगाव) : घरात दीड वर्षाचा नातू आहे. केटल कुठे ठेवावी? आणि दुर्दैवाने भाजलेच, तर पहिल्यांदा काय करावे?

उत्तर : केटल ओट्याच्या कडेपासून आत, भिंतीलगत ठेवावी आणि तिची वायर खाली लोंबकळू देऊ नये, बहुतेक केटलच्या बैठकीखाली जास्तीची वायर गुंडाळून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. या वयाचे मूल उभे राहण्यासाठी हाताला येईल ते ओढते. टेबलावर टेबलक्लॉथ असेल, तर त्यावर केटल मुळीच ठेवू नये. कमाल खुणेच्या वर पाणी भरले, तर उकळताना ते तोटीतून बाहेर उडते. केटल बैठकीवरून उचलण्याआधी बटण बंद झाले आहे ना, हे पाहावे. चालू केटल उचलली की बैठकीच्या मध्यभागी असलेल्या संपर्काच्या कड्यांवर ठिणगी पडते आणि त्या काळ्या पडत जातात. कोरड्या फडक्याने त्या पुसाव्यात, पण आधी भिंतीवरचे बटण बंद करून आणि प्लग काढूनच. बैठक पाण्याखाली कधीही धुवू नये. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर ती कोरडी ठेवण्याकडे विशेष लक्ष द्यावे.

भाजल्यास त्या जागेवर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. हा वेळ फार वाटतो, मूल रडत असते, कोणी टूथपेस्ट तर कोणी हळद घेऊन धावत येते. तरीही पाणी सोडणे थांबवू नये. बर्फ लावू नये, तो भाजलेल्या कातडीला आणखी इजा करतो. ओले गरम कपडे, बांगडी, कडे लगेच काढावे, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. लहान मुलाचे उरलेले अंग कोरड्या कापडाने झाकून उबदार ठेवावे, कारण एवढ्या पाण्याने ते गारठते. त्यानंतर भाजलेल्या जागेवर स्वच्छ, न चिकटणारे कापड सैल ठेवावे. दीड वर्षाच्या बाळाच्या बाबतीत भाजलेली जागा त्याच्या तळहाताएवढी असली, किंवा ती चेहरा, हात, पाय, सांधे अथवा गुप्तांगावर असली, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावे. गोव्यात आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.